फिजिक्सच्या डिपार्टमेंटमध्ये नेमकं काय चालतं? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बीएस्सीनंतरच्या वाटांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले. बहुतेकांचा रोख एकच होता, की विद्यापीठात फिजिक्सचं डिपार्टमेंट असतं, तिथे संशोधन चालतं असं ऐकतो, पण त्याचा आमच्याशी संबंध काय. पत्रं फक्त विद्यार्थ्यांची नाहीत, एका शेतकऱ्याचं आहे, एका प्लेटिंगवाल्यांचं आहे, एका एक्स-रे टेक्निशियनचं आहे, त्यामुळे यावेळी अख्खं सदर याच विषयाला दिलंय. काही पत्रं लांब होती, ती छोटी केलीत.

प्रश्न : माझी मुलगी यंदा बीएस्सी फिजिक्स झाली. एमएस्सी करायचं म्हणते, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला. घरात सगळे म्हणतात शेवटी शिक्षिकाच होणार ना, मग बीएड कर. माहितीपत्रकात मटेरियल सायन्स, एनर्जी स्टडीज असलं काय काय लिहिलंय, त्यातलं आम्हाला काही कळत नाही. तिथे मुलं दिवसभर करतात काय? (एक आई, मिरज)

ताई, मुलगी शिक्षिका झाली तरी चांगलंच आहे, चांगल्या फिजिक्स शिक्षकांची आपल्याकडे फार गरज आहे, पण तेवढीच एक वाट आहे असं मात्र नाही. प्रत्येक डिपार्टमेंटची आपली एक ओळख असते आणि ती माहितीपत्रकात नीट कळत नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पातळ थरांच्या कामासाठी, म्हणजे थिन फिल्मसाठी, देशभर ओळखलं जातं. पुण्याच्या डिपार्टमेंटमध्ये इलेक्ट्रॉनचा वेग वाढवणारं मायक्रोट्रॉन नावाचं मशीन आहे, शिवाय नॅनो मटेरियलचं काम जुनं आहे. नागपूर आणि अमरावतीकडे चमकणाऱ्या पदार्थांवर म्हणजे फॉस्फरवर पिढ्यानपिढ्या काम चाललंय. छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात मायक्रोवेव्ह आणि डायइलेक्ट्रिकचं, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या पदार्थांचं, काम आहे. आणि हे फक्त विद्यापीठांतच चालतं असंही नाही, अमळनेरच्या प्रताप कॉलेजसारख्या ठिकाणी गॅस सेन्सरवर वर्षानुवर्षं काम झालंय.

आता मुलं करतात काय, तर कोल्हापूरसारख्या लॅबमधलंच एक काम सांगते, केमिकल बाथ डिपॉझिशन. काचेच्या स्लाइड आधी घासून, धुऊन, डिस्टिल्ड वॉटरमधून काढून अगदी स्वच्छ करायच्या, बोटाचा ठसा राहिला तर तिथे थर बसत नाही. मग बीकरमध्ये कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण घ्यायचं, त्यात थेंबथेंब अमोनिया टाकायचा, आधी पांढरा साका येतो आणि अजून अमोनिया टाकला की तो विरघळून द्रावण परत पाण्यासारखं नितळ होतं. त्यात थायोयुरिया घालायचा, स्लाइड बीकरच्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवायच्या आणि बाथ साधारण ७०-८० अंशांवर ठेवायचा. थोड्या वेळाने द्रावण फिकट पिवळं व्हायला लागतं, मग गडद, आणि स्लाइड बाहेर काढून धुतली की काचेवर पिवळाधमक पारदर्शक थर बसलेला दिसतो. हा कॅडमियम सल्फाइड. घाई केली, तापमान चढवलं, तर सगळं पावडर होऊन तळाला बसतं आणि काचेवर काहीच राहत नाही, म्हणजे सगळं कौशल्य सल्फाइड हळूहळू सुटेल असं बघण्यात आहे. कॅडमियम विषारी असतं त्यामुळे ग्लोव्हज हवेतच आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही, वेगळं साठवायचं, चांगल्या लॅबमध्ये हे पहिल्या दिवशी शिकवतात.

कॅडमियम टेल्युराइडच्या सोलर सेलमध्ये हाच कॅडमियम सल्फाइड वरचा खिडकीसारखा थर म्हणून वापरत आलेत, जाडी असते साधारण १०० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी. थर झाला की खरं काम सुरू होतं. एक्सआरडी (एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना ओळखायची चाचणी) काढून तो खरंच कॅडमियम सल्फाइड आहे का बघायचं, प्रकाश किती शोषतो ते मोजून बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, काढायचा (तो २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास यायला हवा), रेझिस्टन्स मोजायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचं, आणि आकडा जुळला नाही तर का जुळला नाही ते शोधत बसायचं. दोन वर्षांत मुलीला व्हॅक्युम पंप हाताळता येतो, मोजमापातली चूक किती ते सांगता येतं, बिघडलेलं सर्किट शोधता येतं. यावर उपकरणं विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या कंपन्या, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा सी-मेटसारख्या सरकारी संशोधन संस्थांमधले प्रोजेक्ट, बीएआरसी, डीआरडीओ अशा वाटा निघतात. एमएस्सी झाली की लगेच नोकरी हातात असं मी म्हणणार नाही, या प्रत्येक ठिकाणी परीक्षा किंवा मुलाखत आहे आणि स्पर्धा बरीच आहे. पण मुलीला हाताने करून बघायची आवड असेल तर तिला अडवू नका ही माझी मनापासून विनंती.

प्रश्न : मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या इथे जो तो सुपरकॅपॅसिटर नाहीतर सोलर सेल करतोय. पेपर निघतात पण बाजारात काही दिसत नाही. मग हे खरंच अप्लाइड आहे का नुसतं नावाला? मी यात पीएचडी करू का? (विद्यार्थी, लातूर)

प्रश्न योग्य आहे आणि तो तुला दुसऱ्याच वर्षाला पडला हे फार बरं झालं. स्पष्ट सांगते, अडचण विषयात नाही, मोजण्यात आहे. सुपरकॅपॅसिटरचंच (वीज झटकन साठवून झटकन देणारं साधन) घे. स्टीलच्या पट्टीवर किंवा निकेल फोमवर तू ऑक्साइडचा थर बसवलास, त्याचं वजन आलं समज ०.३ मिलिग्रॅम. तुझा काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवतो. म्हणजे वजनातच एक तृतीयांश इकडेतिकडे होऊ शकतं, आणि त्याच वजनाने भागून तू लिहितोस अमुक फॅरड प्रति ग्रॅम! त्या आकड्याला काही अर्थ राहतो का? शिवाय मोजमाप ज्यात करतात त्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात निकेल फोमच्या पृष्ठभागावर स्वतःचं निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं आणि तेही चार्ज साठवतं, म्हणून नुसत्या कोऱ्या फोमचा ग्राफ वेगळा काढून दाखवलाच पाहिजे, तो बऱ्याच पेपरमध्ये नसतो. तिसरी गोष्ट, निकेल आणि कोबाल्टची बरीच ऑक्साइड प्रत्यक्षात बॅटरीसारखी वागतात, त्यांच्या ग्राफमध्ये डिस्चार्जची सरळ तिरपी रेघ येत नाही, सपाट पायरी येते, तिथे फॅरड लिहिणंच चूक, मिलिअँपिअर-अवर लिहायला हवं.

बाजारात सुपरकॅपॅसिटर नाहीत असं मात्र नाही, भरपूर आहेत, पण ते बहुतेक अॅक्टिव्हेटेड कार्बनचे, एका सेलला साधारण २.७ व्होल्ट, आणि किलोमागे ऊर्जा पाच-दहा वॅट-अवरच्या घरात, लिथियम बॅटरीच्या तुलनेत फारच कमी. त्यांची ताकद वेगळीच आहे, सेकंदात चार्ज होतात, सेकंदात देतात आणि लाखो वेळा तसं करूनही टिकतात, म्हणून बसच्या ब्रेकमधली ऊर्जा साठवायला, पवनचक्कीच्या पात्यांचा कोन झटकन बदलायला ते वापरतात. तुझा नवा पदार्थ कार्बनला मागे टाकायचा असेल तर त्याला जाड थरात, किलोच्या हिशोबात, हजारो सायकलनंतर टिकायला हवं. पातळ थरात मिळालेला आकडा जाड थरात तसाच राहत नाही, कारण आयन आतपर्यंत पोचतच नाहीत.

सोलरचंही तसंच. पेरोव्स्काइट या नव्या स्फटिक पदार्थाचा पहिला सेल २००९ मध्ये जपानमध्ये झाला तेव्हा कार्यक्षमता चार टक्क्यांच्याही आत होती आणि आज ती २६ टक्क्यांच्या वर गेलीय, एका जंक्शनच्या सेलची सैद्धांतिक मर्यादाच ३३ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे ही प्रगती खरोखर थक्क करणारी आहे. पण हे विक्रम नखाएवढ्या सेलवरचे, आणि पेरोव्स्काइटला ओलावा आणि उष्णता सोसत नाही. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात एखादा थर किती दिवस टिकतो, का बिघडतो, कुठून बिघडायला सुरुवात होते, यावर कोणी पाच वर्षं घातली तर ते मला नव्या रेकॉर्डपेक्षा जास्त मोलाचं वाटेल.

तर पीएचडी कर, पण ज्या लॅबमध्ये कोरी पट्टी मोजतात, एकच प्रयोग परत परत करून बघतात आणि फसलेले सॅम्पल फेकून न देता तेही वहीत लिहितात, तिथे कर. विषयाचं नाव त्यानंतर.

प्रश्न : ठिबकवाल्याने जमिनीतला ओलावा दाखवणारा सेन्सर बसवून दिला. आमची भारी काळी जमीन. सेन्सर म्हणतो पाणी पाहिजे आणि हाताने माती दाबली तर लाडू होतो. कोणाचं खरं? आणि विद्यापीठातले लोक यावर काही करतात का? (शेतकरी, बीड जिल्हा)

दादा, हाताचा भरवसा सोडू नका. हाताचं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, पण सेन्सर लगेच उपटूनही टाकू नका. तो पाणी थेट मोजत नाही, मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोजतो, म्हणजे विजेच्या क्षेत्राला माती किती प्रतिसाद देते तो आकडा. हवेचा हा आकडा १, कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५, आणि पाण्याचा जवळपास ८०. एवढा मोठा फरक असल्यामुळे मातीत थोडं पाणी वाढलं तरी आकडा चांगलाच वाढतो आणि त्यावरून सेन्सर ओलावा सांगतो. मुळातली कल्पना भक्कम आहे.

घोळ होतो तो काळ्या मातीत. एक तर तिच्यात चिकणमातीचं प्रमाण जास्त, आणि चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही, त्याचे रेणू जखडलेले असतात, त्यामुळे सेन्सरला ते पूर्ण दिसत नाही. दुसरं, काळी जमीन वाळताना भेगाळते, सेन्सरच्या दांड्याशेजारीच बारीक भेग पडली की तिथे हवा शिरते आणि हवेचा आकडा १, म्हणजे सेन्सर ओरडणारच की कोरडं झालं. तुमच्याकडे बहुतेक हेच झालंय. तिसरं, जमीन खारवट असेल तर स्वस्तातले सेन्सर उलटे फसतात, ओलावा जास्त दाखवतात. कंपनीने सेन्सर कुठल्या तरी पोयट्याच्या मातीवर जुळवलेला असतो, तुमच्या रानावर नाही.

उपाय तुमच्या हातातला आहे. वाफसा असताना, त्याआधी आणि नंतर अशा वेगवेगळ्या वेळी सेन्सरच्या अगदी जवळची माती, त्याच खोलीवरची, हवाबंद डब्यात घ्या आणि त्या क्षणी सेन्सरचा आकडा लिहून ठेवा. जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत ती वजन करून १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून परत वजन करून देतील. वजनात जेवढी घट, तेवढं पाणी. असे पाच-सहा आकडे झाले की सेन्सरचा आकडा आणि खरं पाणी यांची रेघ तुमची तुम्हाला काढता येईल, कॉलेजातला पोरगा असेल घरात तर त्याला हाताशी घ्या. आणि सेन्सर परत बसवताना त्याच मातीचा पातळ गारा करून भोकात ओता म्हणजे पोकळी राहणार नाही.

मराठवाडा विद्यापीठात डायइलेक्ट्रिकचं जे काम वर सांगितलं ते थेट याच कुळातलं आहे. तिथल्या टाइम डोमेन पद्धतीत तारेतून विजेचा अतिशय छोटा झटका पाठवतात आणि तो पदार्थावर आपटून परत कसा येतो ते बघतात. याच तत्त्वावर मातीसाठीही उपकरणं आहेत, दोन दांडे मातीत घालायचे आणि झटका टोकापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, पाणी जास्त तर वेळ जास्त. आणि हेच पदार्थविज्ञान आता आकाशातूनही वापरतात. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला, त्याच्या रडारचे परत आलेले सिग्नल मातीतल्या पाण्याप्रमाणे बदलतात. फक्त त्याला वरचे काही सेंटिमीटरच दिसतात, तुमच्या कपाशीच्या मुळाशी काय आहे ते दांडाच सांगणार. तेव्हा ज्या मुलांना पीएचडीचा विषय सुचत नाहीये त्यांना माझं सांगणं आहे, मराठवाड्यातल्या काळ्या मातीसाठी भेग पडली तरी न फसणारा स्वस्त सेन्सर करा. शेतकऱ्यांना तो आज हवाय.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. काही लॉटमध्ये प्लेटिंग पापुद्र्यासारखं सुटतं, रिजेक्शन येतं. विद्यापीठात मशीनं आहेत असं ऐकलं. आम्हाला कोणी दारात उभं करेल का? (एक उद्योजक, कोल्हापूर)

नक्की करतील. मोठी उपकरणं आता एका जागी ठेवून बाहेरच्यांनाही फी घेऊन वापरू देतात, आयआयटी मुंबईचं सैफ त्यासाठीच आहे आणि शिवाजी विद्यापीठात सुद्धा अशी सामायिक सुविधा आहे, म्हणजे तुम्हाला तर गावातच. उद्योगांसाठी दर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असतात, आधी दरपत्रक मागवा.

पण नुसतं सॅम्पल देऊन बघा काय आहे असं म्हणू नका, पैसे जातील आणि वीस पानांचा रिपोर्ट येईल ज्यातून काही हाती लागणार नाही. तुमचा प्रश्न एवढाच आहे की थर सुटतो कुठून, लोखंड आणि झिंकच्या मधून का झिंकच्या आतूनच. त्यासाठी जॉब आडवा कापून, पॉलिश करून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघायचा, आणि त्याच मशीनला जोडलेल्या ईडीएसने सुटलेल्या पापुद्र्याची खालची बाजू तपासायची, कुठली मूलद्रव्यं आहेत ते कळतं. तिथे कार्बन, सिलिकॉन, ऑक्सिजन जास्त दिसला तर डिग्रीजिंग किंवा पिकलिंगमध्ये गडबड, म्हणजे तेल किंवा गंज राहून गेलाय. एक्सआरडी लगेच नको, ते कुठलं संयुग आहे हे सांगतं, तुमच्या पहिल्या प्रश्नाला त्याची गरज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खराब जॉबबरोबर चांगला जॉबही न्या, त्याच मटेरियलचा, शक्यतो त्याच आठवड्याचा. नुसत्या खराब जॉबवरून कोणीही काहीही अंदाज बांधेल. शिफ्ट, बाथचं तापमान, करंट, ब्राइटनर कधी घातलं हे लिहून न्या. तिथला रिसर्च स्कॉलर तुमच्या बरोबर बसून बघणारा असेल तर त्याला एकदा युनिटवर घेऊन या, त्यालाही शिकायला मिळेल आणि तुम्हालाही एखादी गोष्ट लक्षात येईल जी रोज बघून दिसेनाशी झालीय.

प्रश्न : मी एक्स-रे टेक्निशियन आहे. छातीला लावायचा टीएलडी बॅज ठराविक काळाने पाठवतो, रिपोर्ट येतो, पण आत काय असतं कोणी सांगितलं नाही. मित्र म्हणाला हे फिजिक्सवाल्यांचं काम. खरं का? (सोलापूर)

खरं आहे, आणि त्यात आपल्या विदर्भाचाही धागा आहे. बॅजच्या आत धातूची पट्टी असते, तिच्यावर तीन पांढऱ्या चकत्या. या चकत्या टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या, आणि त्या कॅल्शियम सल्फेटमध्ये अगदी थोडं डिस्प्रोसियम घातलेलं असतं. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्समच्याच घरातला पदार्थ, पण त्या चिमूटभर डिस्प्रोसियमने सगळा खेळ बदलतो. किरण पडले की आतले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकून बसतात, तिथे ते महिनोन्महिने तसेच राहतात. बॅज परत गेला की चकत्या गरम करतात, इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना प्रकाश देतात. तो अगदी क्षीण प्रकाश फोटोमल्टिप्लायर ट्यूबने मोजतात, प्रकाश जितका जास्त तितका तुमचा डोस जास्त.

चकत्या तीन का, तर एकीवर तांबं आणि अॅल्युमिनियमचं फिल्टर, एकीवर प्लास्टिकचं आणि एक उघडी. तिन्हींच्या प्रकाशाची तुलना करून कळतं की किरण कुठल्या प्रकारचे आणि साधारण किती ऊर्जेचे होते. म्हणूनच बॅज कधी उलटा लावू नका, आणि गाडीत डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, उष्णतेने काही इलेक्ट्रॉन आधीच सुटून जातात. लेड अॅप्रन घालत असाल तर बॅज अॅप्रनच्या आत, छातीवर. आपल्याकडे किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ द्यायचं नाही. रिपोर्ट आला की फाइलला लावण्याआधी स्वतःचा आकडा वाचा, तो तुमचा हक्क आहे.

नागपूर-अमरावतीकडे जे फॉस्फरचं काम वर सांगितलं ते याच जातीचं, पदार्थात कुठली भेसळ किती करायची म्हणजे तो जास्त चमकेल, गरम केल्यावर कुठल्या तापमानाला चमकेल, डोसच्या प्रमाणातच चमकेल का. तेच ज्ञान एलईडी दिव्यांच्या पिवळ्या लेपातही लागतं.

आणि तुमच्या ओळखीत कोणी एमएस्सी फिजिक्स करत असेल तर सांगा, मेडिकल फिजिसिस्ट हा फार गरजेचा पेशा आहे आणि आपल्या मुलांना तो माहीतच नसतो. कॅन्सरच्या रेडिएशन सेंटरला मेडिकल फिजिसिस्टशिवाय एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, परवानगी देत नाही. एमएस्सीनंतर रेडिऑलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा डिप्लोमा करायचा, बीएआरसीचा एक वर्षाचा आहे आणि त्याला प्रवेश परीक्षा असते, त्यानंतर रेडिएशन सेंटरमध्ये वर्षभर इंटर्नशिप. रुग्णाच्या गाठीवर किती डोस जाईल आणि शेजारच्या मणक्याला किती कमी बसेल याचं गणित हा माणूस करतो.

प्रश्न : पुणे विद्यापीठात इलेक्ट्रॉनचं मशीन आहे म्हणता, आम्ही रोज तिथे फिरायला जातो. धोका नाही ना? (ज्येष्ठ वाचक, औंध)

नाही काका, निर्धास्त फिरा. हे रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन. इलेक्ट्रॉन दोन चुंबकांमध्ये फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीत एकाच पोकळीतून जाताना थोडी ऊर्जा घेतात, ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांनी तिथे बरेच प्रयोग झालेत. मशीन बंद केलं की इलेक्ट्रॉन बंद, कोबाल्टसारखा सतत किरण टाकणारा तुकडा त्यात नसतो, आणि खोली जाड भिंतींची असते. इतक्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी सिलिकॉनच्या डायोडमध्ये मुद्दाम बारीक दोष तयार करता येतात, त्यामुळे डायोड लवकर बंद-चालू होतो, पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये ही पद्धत वापरतात. उपग्रहावर जाणारे पार्ट अवकाशातल्या किरणांत टिकतील का हेही असंच जमिनीवर तपासता येतं.

प्रश्न : सेट झालोय, नेटची तयारी करतोय. पीएचडीला गाइड कसा निवडू? पहिल्या पिढीतला आहे, घरी विचारायला कोणी नाही. (नंदुरबार)

तुझं पत्र मी परत परत वाचलं. आधी पैशाचं बोलू कारण ते बोलायला कोणी नसतं. सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनंतर आढावा होऊन एसआरएफ (सीनियर फेलोशिप) म्हणून ४२,०००, शिवाय घरभाडं. तेवढा रँक नाही आला तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप बघ, तू ज्यात बसतोस तिची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेव. फेलोशिपशिवाय पीएचडी सुरू करायचं शक्यतो टाळ, घरच्यांवर पाच वर्षं ओझं होतं आणि निम्म्यात सोडावी लागते अशी मुलं मी पाहिलीत.

गाइड निवडताना नुसती पेपरची यादी बघू नको. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढलीय, विद्यापीठाचे स्वतःचे नियम मात्र वेगळे विचारून घे. लॅबमध्ये कामाच्या दिवशी जा, आधी फोन करून परवानगी घेऊन, आणि दिवसभर थांब. तिथली उपकरणं चालू आहेत का का त्यांच्यावर कापड टाकलंय, बिघडलं तर दुरुस्ती कोण करतं, द्रव नायट्रोजन कुठून येतो, एक्सआरडीचा नंबर लागायला किती दिवस जातात, हे विचार. मग गाइड नसताना सीनियर मुलांबरोबर चहा घे आणि तीन गोष्टी विचार : मागच्या मुलांना किती वर्षं लागली, सर किंवा मॅडम ड्राफ्ट किती दिवसांत वाचून देतात, आणि त्यांचा निकाल गाइडच्या अंदाजाच्या उलटा आला तेव्हा काय झालं. तिसऱ्या प्रश्नाला मुलं मोकळेपणाने बोलली तर ती लॅब चांगली.

आपल्याकडे नसलेल्या मोजमापांसाठी घाबरू नको. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम इंदूरला आहे, दिल्लीला आययूएसीचा पेलेट्रॉन म्हणजे आयनांना वेग देणारं मशीन आहे, इंदूरलाच इंडस-२ सिंक्रोट्रॉन म्हणजे अतिशय प्रखर एक्स-रे देणारं मशीन आहे, आणि ही सगळी विद्यापीठातल्या मुलांना प्रपोजल लिहून वापरता येतात. प्रपोजल दोन-तीन पानांचं असतं, पहिलं नाकारलं गेलं तर अभिप्राय मागून दुरुस्त करून परत पाठवायचं. गाइडला पहिल्याच भेटीत विचार की तुमची मुलं तिकडे जातात का, आणि जात असतील तर प्रवासखर्च कोण देतं.